जंगलातली जमीन स्वस्त का असते ते आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली तुमच्या पेपरात आणि इतरत्रही एक विषय सारखा दिसतोय. शहर सोडायचं, नोकरी सोडायची, विषुववृत्ताच्या आसपास कुठेतरी लांब, हिरव्यागार, माणसांपासून दूर अशी पाच-दहा एकर जमीन स्वस्तात घ्यायची, सोलर लावायचं, फळझाडं लावायची आणि कुणाचं देणं नाही कुणाचं घेणं नाही असं मस्त जगायचं. व्हिडिओ बघताना माझाही जीव क्षणभर तिकडे जातो, खोटं कशाला सांगू. पण माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली, त्यामुळे असला हिरवा फोटो दिसला की माझं लक्ष झाडांकडे जातच नाही, कडेला कुठे दरड कापलेली दिसतेय का आणि आतली माती कुठल्या रंगाची आहे तेच मी बघत बसतो. आणि या सगळ्या लेखांत जमिनीचा दर ठळक अक्षरात असतो, पण माती, पाणी, कागद याबद्दल चार ओळी पण नसतात. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मातीचा भाग ठेवा एवढी विनंती.

माझं म्हणणं एवढंच आहे की एकरी दर हा आकडा जवळपास बिनकामाचा आहे. उष्ण कटिबंधात जमीन स्वस्त मिळते तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतंच. रस्ता नाही, कोरड्या महिन्यांत पाणी नाही, माती निकस आहे, कागद कच्चे आहेत, पूर किंवा वादळ किंवा ज्वालामुखी आहे, नाहीतर ती जमीन आधीच दुसऱ्या कुणाची तरी आहे. यातलं नेमकं कुठलं कारण आपल्या वाट्याला येतंय हे कळलं तर तो सौदा, नाहीतर जुगार. आणि सगळ्यांना ज्याचं सगळ्यात जास्त आकर्षण असतं ते म्हणजे लांब असणं, दुर्गम असणं, तेच माझ्या मते यातलं सगळ्यात महाग कारण आहे.

हे वेड काही इंटरनेटमुळे आलेलं नाही बरं का. ग्रेगर मॅकग्रेगर नावाचा एक स्कॉटिश माणूस १८२१ च्या सुमारास लंडनमध्ये उगवला आणि मी मध्य अमेरिकेतल्या ‘पोयाइस’ देशाचा प्रमुख आहे असं सांगायला लागला. देश नव्हताच. मॉस्किटो कोस्टचा भाग होता तो, आजच्या होंडुरासमधला, नुसतं जंगल आणि दलदल. पण या गृहस्थाने नकाशे छापले, नोटा छापल्या, जाडजूड माहितीपुस्तक काढलं, आणि इथे मक्याची वर्षाला तीन पिकं येतात असं ठोकून दिलं. जमीन एकरी दोन-सव्वादोन शिलिंगपासून विकायला काढली आणि नंतर मागणी बघून दर वाढवला. जवळपास अडीचशे लोक दोन जहाजांतून तिकडे गेले, उतरले तर समोर काही नाही, आणि त्यातले निम्म्याहून बरेच जास्त ताप, उपासमार असल्या गोष्टींनी मेले. उरलेल्यांना शेजारच्या ब्रिटिश होंडुरासमध्ये म्हणजे आजच्या बेलीझमध्ये नेऊन वाचवावं लागलं. आता त्याच बेलीझमध्ये परदेशी लोकांना प्लॉट विकणाऱ्या एका भल्यामोठ्या प्रोजेक्टवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ साली खटला भरला आणि २०२० मध्ये कोर्टाने ती फसवणूक असल्याचा निकाल दिला. दोनशे वर्षं झाली, कागद गेला आणि वेबसाइट आली, बाकी पद्धत तीच, न बघितलेली जमीन आणि तिच्याबद्दलच्या गोड गोष्टी.

आता माती. लोकांना वाटतं एवढं घनदाट जंगल उभं आहे म्हणजे खालची जमीन सोनं असणार. उलट आहे हो. सततचा पाऊस आणि उष्णता यांनी हजारो लाखो वर्षं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश सगळं धुवून नेलेलं असतं, मागे उरतं ते लोह आणि अॅल्युमिनियम, म्हणून तो लाल-पिवळा रंग. अन्नद्रव्यं असतात ती झाडात आणि वरच्या कुजलेल्या पाल्याच्या पातळ थरात, पान पडलं की कुजलं, कुजलं की मुळांनी लगेच वर ओढलं असं ते चक्र चालू असतं. तुम्ही झाडं तोडली की चक्रच तुटलं. मग जाळलं की राखेने आम्लता कमी होते, पहिलं पीक झकास येतं, दुसरं बरं येतं, तिसऱ्याला हिरमोड, कारण राख वाहून गेलेली असते आणि पीएच (आम्लता मोजायचा आकडा, सातच्या जितका खाली तितकी माती जास्त आम्ल) पुन्हा पाचाच्या खाली. एवढ्या आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळून मुळांना विषासारखं लागतं, मुळं आखूडच राहतात, आणि फॉस्फरस घातला तरी लोह-अॅल्युमिनियम त्याला असं धरून बसतात की पिकाला मिळतच नाही. जे लोक पूर्वापार जंगल जाळून शेती करतात ते दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढे जातात आणि पंधरा-वीस वर्षं तिकडे फिरकत नाहीत, ते काही अडाणी म्हणून नाही. पण तुम्ही पाच एकरच घेतलेत आणि त्यातले चार एकर पहिल्याच वर्षी साफ केलेत तर तुम्ही पुढे कुठे जाणार?

ब्राझीलने हा प्रयोग सरकारी पातळीवर केलाय. १९७० मध्ये अॅमेझॉनमधून हजारो किलोमीटरचा ट्रान्सअॅमेझॉनियन हायवे काढायला घेतला, माणसं नसलेली जमीन जमीन नसलेल्या माणसांना अशी घोषणा होती, कुटुंबाला १०० हेक्टर. शंभर हेक्टर म्हणजे अडीचशे एकर, ऐकूनच माणूस हुरळून जाईल. पण बहुतेक पट्ट्यात माती अशीच निकस निघाली, भात नीट येईना, मलेरिया पसरला, आणि पावसाळ्यात रस्त्याचा चिखल व्हायचा त्यामुळे जे काही पिकलं ते बाजारात नेता येईना, कित्येक लोक सोडून गेले. गंमत म्हणजे त्याच हायवेवर अल्तामिराच्या जवळ चांगल्या मातीचे तुकडे आहेत, बेसाल्टपासून झालेली लाल माती, तिथे लोक टिकले. म्हणजे लाल दिसली की वाईट असंही नाही, तपासल्याशिवाय कळत नाही. अॅमेझॉनमध्ये ‘तेरा प्रेता’ नावाची काळी माती सापडते ती तर जुन्या वस्त्यांनी कोळसा, हाडं, मडक्यांचे तुकडे, कचरा घालून शेकडो वर्षांत बनवलेली आहे, निसर्गाने फुकट दिलेली नाही.

चांगली माती हवी असेल तर ज्वालामुखीच्या राखेची बघा, इंडोनेशियातलं जावा, कोस्टारिकाचा मधला उंच भाग, इक्वेडोरच्या डोंगरांतल्या काही दऱ्या. पण मग जावावर दीड कोटी नाही, पंधरा कोटींच्या वर माणसं राहतात, चांगली माती दिसली की लोक हजारो वर्षांपूर्वीच तिथे जाऊन बसलेत, त्यामुळे तिथे रिकामं आणि स्वस्त असं काही नसतं. इंडोनेशिया सरकारने जावातली गर्दी कमी करायला लोकांना सुमात्रा, कालिमंतान इकडे दोन-दोन हेक्टर देऊन हलवलं, त्यातही बऱ्याच जणांची गाठ आम्ल मातीशी आणि पीट दलदलीशी पडली, पीट म्हणजे पाण्यात अर्धवट कुजून साचलेला झाडपाल्याचा थर. पीटचं तर नावच नको, १९९६ मध्ये मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचा प्रचंड प्रोजेक्ट काढला, कालवे खणून पाणी काढलं, भात आला नाही आणि सुकलेलं पीट १९९७ मध्ये महिनोन् महिने जळत राहिलं.

धोक्यामुळे स्वस्त असलेल्या जमिनीचं उदाहरण हवंय तर हवाईच्या मोठ्या बेटावरचा पुना भाग. अमेरिकेसारख्या देशात, उष्ण कटिबंधात, भरपूर पाऊस आणि प्लॉट बऱ्यापैकी स्वस्त, म्हणून स्वयंपूर्ण जगू इच्छिणारे लोक कित्येक वर्षं तिकडे जातायत. स्वस्त का, तर लाव्हाच्या धोक्याचे एक ते नऊ असे झोन पाडलेत आणि यातला बराच भाग झोन एक आणि दोनमध्ये येतो, एक म्हणजे सगळ्यात वाईट. २०१८ मध्ये किलाउएया ज्वालामुखी फुटला आणि सुमारे सातशे घरं गेली. मी म्हणत नाही की तिथे जाऊ नका, ज्यांना झोन माहीत होता आणि ज्यांनी घर मुद्दाम हलकं, कमी खर्चाचं बांधलं त्यांनी विचार करून जोखीम घेतली, ते वेगळं. तिथे आणखी एक बारीक गोष्ट आहे, उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी गोगलगायीतून आणि न धुतलेल्या कच्च्या पालेभाजीतून माणसात येतो आणि थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. आपलीच बाग, आपलीच भाजी, बिनविषारी, आणि तरी हे. व्हिडिओत कुणी सांगतं का?

चक्रीवादळाचं त्या मानाने सोपं आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांपर्यंत ती जवळजवळ होतच नाहीत. त्या पट्ट्याबाहेर मात्र फिजीला २०१६ मध्ये विन्स्टन वादळाने झोडपलं, वानुआतूला २०१५ मध्ये पॅमने, फिलिपिन्सला २०१३ मध्ये हैयानने. नकाशावर अक्षांश बघायला दोन मिनिटं लागतात, बघा.

पाण्याबद्दल लोक वार्षिक पाऊस विचारतात. तो आकडा घेऊन काय करणार? दोन हजार मिलिमीटर पाऊस सात महिन्यांत पडून पाच महिने ठणठणाट असू शकतो. सगळ्यात कोरड्या महिन्यांत किती पडतो आणि ओढा तेव्हा वाहतो का हे विचारा, आणि विचारू नका, त्याच महिन्यात स्वतः जाऊन बघा, एजंट तुम्हाला नेमका पावसाळा संपता संपता नेणार जेव्हा सगळीकडे पाणीच पाणी असतं. छताचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला दोन हजार मिलिमीटर म्हणजे दोन लाख लिटर, त्यातलं गळती, सांडणं सोडून दीड-पावणेदोन लाख धरा, भरपूर आहे. पण चार माणसांना दिवसाला ५० लिटरप्रमाणे पाच महिने काढायचे तर ३०,००० लिटर साठवायला टाक्या लागतात, आणि त्या टाक्या, नाहीतर सिमेंट-वाळू, रस्ता नसलेल्या ठिकाणी पाठीवर न्यायच्यात. ओढा आपल्या घरापेक्षा उंचावर असेल तर मात्र नशीब, पंप नको आणि वीजही थोडी मिळते, सेकंदाला १० लिटर पाणी १० मीटरवरून पडलं तर नुकसान वजा जाऊन साधारण ५०० वॅट, रात्रंदिवस. सोलरला पावसाळ्यातल्या ढगांत जे होतं त्यापेक्षा हे मला शंभर पटीने आवडतं, शिवाय लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य उष्णतेत झपाट्याने कमी होतं. फक्त ओढ्याच्या वरच्या अंगाची जमीन कुणाची आहे ते बघा. वर कुणी जंगल साफ करून गुरं सोडली की खाली तुमचं पाणी गेलं.

आता कागद, म्हणजे खरी डोकेदुखी. प्रत्येक देशाचं वेगळं. फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी माणसाला जमिनीची मालकी घेता येत नाही, वारसाहक्क सोडून. इंडोनेशियात पूर्ण मालकी फक्त नागरिकाला, थायलंडमध्येही जवळपास तेच. मग एजंट सांगतो की इथल्या माणसाच्या नावावर घेऊ, कागद आपल्याकडे ठेवू. असला व्यवहार बेकायदा असतो आणि ज्याच्या नावावर जमीन त्याचीच ती, उद्या तो किंवा त्याची मुलं नाही म्हणाली तर तुम्ही कुठल्या तोंडाने कोर्टात जाणार? मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत परदेशी माणूस थेट मालक होऊ शकत नाही, बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. कोस्टारिकात परदेशी माणसाला जमीन घेता येते, पण समुद्राच्या भरतीरेषेपासून पहिले ५० मीटर सार्वजनिक आणि पुढचे १५० मीटर सरकारी परवान्यावर. पनामात टायटलची, म्हणजे नोंदणीकृत मालकीची, जमीन वेगळी आणि नुसत्या वहिवाटीची वेगळी, स्वस्त दिसते ती बहुतेक दुसरी. आणि तुम्ही घेऊन ठेवलीत पण राहायला गेला नाहीत तर लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दुसरा कुणी येऊन कसायला लागतो आणि काही वर्षांनी त्याचाच हक्क तयार होतो. तेव्हा विकणाऱ्याने दिलेला वकील नको, आपला वकील, आपली मोजणी, आणि हद्दीवरून सगळ्या शेजाऱ्यांबरोबर पायी चक्कर मारल्याशिवाय पैसे नकोत.

यातच एक गोष्ट आहे जी मला खटकते. ओसाड, निर्मनुष्य, रिकामी असले शब्द आपण फार सहज लिहितो. पापुआ न्यू गिनीत सुमारे ९७ टक्के जमीन तिथल्या कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. वानुआतूच्या १९८० च्या राज्यघटनेत सगळी जमीन मूळ रहिवाशांची असं स्पष्ट लिहिलंय, बाकीच्यांना जास्तीत जास्त ७५ वर्षांचा भाडेपट्टा. फिजीतही बहुतांश जमीन विकताच येत नाही. या लोकांनी वसाहतवाल्यांचा अनुभव घेऊन हे नियम केलेत आणि अगदी बरोबर केलेत असं माझं मत आहे. जिथे दहा वर्षं कुणी फिरकलं नाही असं तुम्हाला दिसतं ते कुणाचं तरी विश्रांतीला सोडलेलं शेत असू शकतं. भाडेपट्ट्याने राहायला काय हरकत आहे? माणसाला एक आयुष्य, मालकी हवीच कशाला, पण हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो.

बरं, मग कुणाचं जमलंच नाही का? जमलंय ना. १९५१ मध्ये अमेरिकेच्या अलाबामातून काही क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, कुटुंबं कोस्टारिकात गेली, युद्धाला विरोध म्हणून, कारण त्या देशाने १९४८ मध्ये सैन्यच बंद केलं होतं. त्यांनी कित्येक जागा बघितल्या आणि शेवटी मोंतेवेर्देच्या डोंगरावर सुमारे १,४०० हेक्टर सगळ्यांनी मिळून घेतले. उंची साधारण १,४०० मीटर, हजार मीटरमागे तापमान सहा अंशांच्या आसपास उतरतं त्यामुळे हवा सुखाची आणि मलेरियाचा त्रासही कमी. रस्ता भयंकर होता, बैलगाडीचा. मग त्यांनी विचार केला की इथून काय विकता येईल जे वजनाला कमी, किमतीला जास्त आणि वाटेत नासणार नाही, तर चीज, आणि दोन-तीन वर्षांत कारखाना सुरू केला, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचंही दूध घेतलं. आणि जमिनीचा एक तृतीयांशाच्या आसपास भाग, डोंगरमाथ्याचं जंगल, पाण्यासाठी म्हणून तोडायचंच नाही असं ठरवून ठेवलं. बघा, एकट्याने नाही, उंचावर, शेजाऱ्यांशी धरून, आणि रोख पैसा कुठून येणार याचं उत्तर तयार. हा रोख पैसा प्रत्येकाला लागतोच, मीठ, औषधं, अवजारं, फोन, कर, व्हिसा, दातांचा डॉक्टर, यातलं काही जमिनीत उगवत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ऑगस्ट एंगेलहार्ट. हा जर्मन गृहस्थ १९०२ मध्ये तेव्हाच्या जर्मन न्यू गिनीतल्या काबाकोन बेटावर ७५ हेक्टरची नारळाची बाग घेऊन राहिला, नारळ हेच पूर्णान्न असं त्याचं तत्त्वज्ञान, त्याच्या मागून आलेल्या अनुयायांपैकी काही तिथेच मेले, बाकीचे परतले, तो स्वतः पार खंगला. खाण्याच्या बाबतीत तत्त्वज्ञान नको. रताळं तीन-पाच महिन्यांत, केळी आणि कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) वर्षाच्या आसपास, नीरफणस तीन ते पाच वर्षं, उंच जातीचा नारळ सहा-सात वर्षं, म्हणजे पहिलं वर्ष-दीड वर्ष विकतचंच खायचंय हे धरून चाला. कंद मुबलक येतात पण त्यात प्रथिनं फारच कमी, डाळवर्गीय काहीतरी, अंडी, मासे यांची सोय आधी करा, आणि कडू जातीचा कसावा नीट भिजवून शिजवल्याशिवाय खाल्ला तर त्यातलं सायनाइड बाधतं. धान्य दमट हवेत टिकत नाही, बुरशी नाहीतर किडे. म्हणून त्या भागातली माणसं कंद जमिनीतच ठेवतात आणि लागेल तसे उपटतात, तीच त्यांची कोठी. कुटुंबाच्या खाण्यापुरतं बघाल तर चांगल्या मातीचं अर्धा-एक हेक्टर पुष्कळ झालं, दोन माणसांच्या हाताने त्याहून जास्त तण आवरतही नाही. मग वीस हेक्टर कशाला?

तेव्हा मला कुणी विचारलं तर मी सांगतो की गावापासून तासाभराच्या आत, बारमाही रस्त्यावर, कोरड्या महिन्यात वाहणारं पाणी असलेला छोटा तुकडा चौपट दराने घ्या, पण त्याआधी एक अख्खं वर्ष त्याच गावात भाड्याने राहा. साप चावला तर प्रतिविष असलेला दवाखाना किती तासांवर आहे आणि पावसाळ्यात किती तासांवर, हे दोन वेगळे आकडे असतात, ते लिहून ठेवा. गालापागोसच्या फ्लोरिआना बेटावर १९२९ मध्ये फ्रीडरिश रिटर नावाचा जर्मन डॉक्टर एकांतासाठी गेला, दातांचा त्रास नको म्हणून जायच्या आधीच सगळे दात काढून टाकले असं सांगतात, १९३४ मध्ये तिथेच मेला. विटमर कुटुंब मात्र १९३२ मध्ये गेलं आणि टिकलं, त्यांनी पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खोल्या काढल्या. एकांत हवा म्हणून गेलेल्या बेटावर शेवटी पाहुण्यांनीच तारलं.

संपादक महोदय, तुम्ही असले लेख आणि जाहिराती छापा, माझी ना नाही. फक्त दराच्या शेजारी सगळ्यात कोरड्या महिन्याचा पाऊस, मातीचा पीएच, मालकीचा प्रकार आणि पावसाळ्यात दवाखाना किती तासांवर आहे एवढ्या चार गोष्टी विकणाऱ्याकडून मागून घ्या. जो देणार नाही त्याची जाहिरात घेऊ नका. मातीचा नमुना कसा घ्यायचा, वरच्या पंधरा सेंटिमीटरचा वेगळा आणि खालच्या थराचा वेगळा, हे वाचकांना हवं असेल तर मी लिहून पाठवतो, वेळ आहे माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त माती तपासनीस